चार ओळींचा होतो, दोनच उरल्या

मी मका पेरायचा प्लँटर बोलतोय. खरं तर अर्धाच बोलतोय. माझा दुसरा अर्धा ओढ्यापलीकडं इंद्रजीतच्या शेडमागं पडलाय. त्याला काय वाटतं ते मला आता कळत नाही.

नवा होतो तेव्हा मी भीमेपलीकडं, शिरूर तालुक्यात होतो. बियाण्याच्या चार पेट्या, मागं लांबलचक खताची पेटी, खाली चार फाळ आणि डाव्या बाजूला जमिनीवरून फिरणारं लोखंडी चाक. चाकाला चेन, चेनला शाफ्ट, आणि शाफ्टवर चारही पेट्यांतल्या, दाणा उचलणाऱ्या भोकांच्या चकत्या. चाक फिरलं की दाणा पडायचा. पहिल्या मालकानं काही वर्षं मका केला. मग पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला, आणि मी गोठ्यामागं गेलो. खताच्या पेटीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. गरज असेपर्यंत यंत्राला दसऱ्याला हार घालतात. गरज सरली की त्यावर गोधड्या वाळत घालतात.

तिथून मला दोघांनी मिळून आणलं, दौंड तालुक्यात. गावाचं नाव सांगत नाही. एक सावळाराम आबा, मळ्यात राहणारे, त्यांच्याकडं ट्रॅक्टर. दुसरे साहेबराव, दौंडला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले, बुद्धविहारामागच्या वस्तीतले. त्यांचं रान ओढ्याच्या अलीकडं. दोघं शाळेत एकत्र होते. "निम्मा तुझा, निम्मा माझा," असं म्हणून दोघांनी मला विकत घेतलं आणि माझ्या पेटीवर बसूनच चहा घेतला.

जुन्या प्लँटरला पेरणीआधी नीट लावून घ्यावं लागतं. बियाणं बारीक असलं तर लहान भोकाची चकती, ठोकळ असलं तर मोठ्या भोकाची. चकती चुकली की एका जागी दोन-दोन दाणे पडतात, नाहीतर जागा रिकामी जाते. दाण्यांतलं अंतर बदलायचं तर चेनचं दातेरी चाक बदलायचं. हे सगळं दोघं स्वतः करायचे. मला ट्रॅक्टरवर उचलून खाली पोतं अंथरायचे. आबा हातानं चाक फिरवायचे, साहेबराव पोत्यावर पडलेले दाणे बघायचे.

"सावळ्या, तिसरी पेटी दाणा खाती रं."

"खाती न्हाई, फोडती. चकतीला धार आलीया, कानस दे."

मग खोलीवरून भांडण.

"जरा खोल घाल, वरची माती वाळतीय."

"लई खोल गेला तर कोंब वर यायच्या आत मरंल. दोन बोटं बास."

थोडं पेरून झालं की दोघं उकिडवे बसायचे आणि माती उकरून दाणा शोधायचे. ज्याचं खरं निघे तो दुसऱ्याच्या पाठीत थाप मारायचा. ती वर्षं माझी चांगली गेली. आबांच्या रानात आणि साहेबरावांच्या रानात मका सारख्याच अंतरावर उगवायचा. मळा कुठला आणि वस्ती कुठली, हे दाण्याला कळत नव्हतं. मलाही नव्हतं.

पुढं आबांचे गुडघे गेले आणि ट्रॅक्टर त्यांच्या मुलाकडं, इंद्रजीतकडं आला. त्याला जुळवाजुळवीचा कंटाळा. "टाक पेटीत आन् हाण," हे त्याचं तंत्र. ट्रॅक्टर जोरात पळवला की चकतीला दाणा उचलायला वेळ मिळत नाही. साहेबरावांचा मुलगा सम्राट पुण्याला कंपनीत, त्यामुळं रान सून राजश्रीच बघायची. ती माझ्यामागून चालत ओरडायची, "भाऊ, हळू घ्या, दाणा सुटतोय!" तो हसायचा. पण पेरणीला यायचा. साहेबरावांना 'मामा' म्हणायचा.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. राजश्री वस्तीच्या वॉर्डातून निवडून आली. इंद्रजीतही निवडून आला आणि उपसरपंचपदाला उभा राहिला. वस्तीकडचा रस्ता करतो म्हणून त्यानं आधी दोनदा शब्द दिला होता, दोन्ही वेळा पाळला नव्हता. सदस्यांनी उपसरपंच निवडायच्या दिवशी राजश्रीनं हात वर केला तो दुसऱ्या उमेदवारासाठी. इंद्रजीत एका मतानं पडला.

त्या संध्याकाळी तो शेडमध्ये आला आणि माझ्या चाकाला लाथ घातली.

"इतकी वर्सं यांची रानं पेरून दिली, आन् मत दुसऱ्याला?"

तेव्हा मला कळलं की मी पेरत होतो त्याचा हिशोब कुणीतरी मतात मांडला होता.

खरिपात चांगला वापसा आला. ढेकूळ हातात घेतलं की मोकळं होईल, इतपत ओल. पेरणीची हीच वेळ. साहेबराव बोलवायला आले. ट्रॅक्टर रिकामा, मी जोडलेला.

"मोडलाय," इंद्रजीत म्हणाला.

साहेबरावांनी चाक हातानं फिरवून पाहिलं. चारही चकत्या फिरल्या. "मोडला न्हाई. तुझा ट्रॅक्टर नगं, मी भाड्यानं आणतो. प्लँटर दे. निम्मा माझा हाय."

"निम्मा तुमचा? मग निम्माच न्या की, साहेबराव."

त्याच्या तोंडातला 'मामा' गेला, 'साहेबराव' आला. ते साहेबरावांना लाथेपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हायवेवरच्या वर्कशॉपमधला माणूस गॅस कटर घेऊन आला. मला बघून तो थबकला.

"भाऊ, चाक एक, शाफ्ट एक. मधून कापलं तर दोन्ही तुकडे वाया जातील."

"तू काप."

आबा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "इंद्रा, त्यात माझं बी निम्मं हाय."

"तुमचं निम्मं ठेवतोय की, आबा."

आबांनी मान खाली घातली. पुन्हा वर केली नाही. कटरची ज्योत माझ्या मधल्या पट्टीत शिरली तेव्हा मी त्यांच्याकडंच बघत होतो. लोखंड कापलं जातं ते मी सोसलं. पण माझी तिसरी पेटी कानसून नीट करणारा माणूस दहा पावलांवर बसून आपल्या चपला बघतोय, हे मला सोसलं नाही.

चाक आणि चेन इंद्रजीतच्या तुकड्यात गेली. मला, म्हणजे दोन पेट्या आणि दोन फाळांना, साहेबरावांच्या बांधावर आणून टाकलं. राजश्रीनं मला टेम्पोत घालून केडगावच्या एका मिस्त्रीकडं नेलं. तो म्हणाला, "चाक नवं, शाफ्ट नवा, जोडणी नवी. ताई, मग जुनं काय राह्यलं?"

ऐन पेरणीत दुसरा प्लँटर मिळेना, तेव्हा ती वस्तीतल्या बायकांना घेऊन दोरी धरून हातानं एकेक दाणा टोकायला लागली. निम्मं रान झालं आणि पाऊस आला, तो बरेच दिवस हटला नाही. वापसा गेला. उशिरा टोकलेला मका पिवळाच राहिला, गायींच्या मुरघासालाही पुरला नाही. इंद्रजीतनं नवा प्लँटर आणला, चकचकीत. माझा दुसरा अर्धा त्याच्याही उपयोगाचा नव्हता.

कणसं भरायच्या दिवसांत सावळाराम आबा काठी टेकत ओढा ओलांडून आले. साहेबराव बांधावर होते. आबा माझ्याजवळ उभे राहिले.

"साहेबा, माझ्या हातात काय ऱ्हायलं न्हवतं रं."

साहेबराव म्हणाले, "हातात नसंल. तोंडात जीभ व्हती की."

आबा काठी टेकत आले तसे परत गेले. पुन्हा आले नाहीत.

आता राजश्री म्हणते, "आप्पा, भंगारात देऊन टाकू." साहेबराव ऐकत नाहीत. त्यांनी मला वाटेच्या कडेला उभं करून ठेवलंय, कापलेली बाजू रस्त्याकडं. "बघू द्या येणाऱ्या-जाणाऱ्याला," म्हणतात.

लोक बघतात. मोटारसायकल थांबवतात, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवतात, "काय साफ कापलंय!" म्हणतात आणि किक मारून निघून जातात.

साहेबराव, मला पेरायचं होतं, साक्ष द्यायची नव्हती. मला भंगारात द्या. माझ्याकडं बघून कुणाला तरी लाज वाटेल, ही तुमची आशा आता मला झेपत नाही.