पसंती कोणी कळवायची

खारघरच्या मैदानावर ट्रायल झाली त्याला आज आठ दिवस झाले होते, आणि आपल्या घरात एवढ्या थंड डोक्याची माणसं राहतात हे सुमतीला या आठ दिवसांत नव्याने कळलं होतं.

एकशे बेचाळीस पोरी आल्या होत्या. कोण नाशिकची, कोण केरळची, एक तर थेट मणिपूरहून. त्यातल्या अकरा निवडल्या आणि त्या अकरांत सुमतीची मुलगी, विचुंब्याची मनस्वी. दुबईत बायकांच्या बेसबॉलची नवीन लीग सुरू व्हायची होती, तिथे चार महिने राहून नोकरीसारखं खेळायचं. निवडायला आलेल्या गोऱ्या मॅनेजरबाईंनी अकराही जणींना गोल उभं केलं आणि सांगितलं, की मुलींनो, तुम्ही आम्हाला आवडलात. आता दहा दिवसांत मला मेल करा. कधीपासून येऊ शकता ते लिहा, पासपोर्टची कॉपी जोडा. प्रत्येकीला आपलं कार्ड दिलं. सुमती डबा घेऊन दोरीपलीकडेच उभी होती. तिचं इंग्रजी दुकानांच्या पाट्या आणि औषधांचे खोके वाचून झालेलं, पण 'दहा दिवस' तिला व्यवस्थित कळलं होतं.

कार्ड आठ दिवस फ्रिजवर लिंबाच्या चुंबकाखाली होतं.

"मेल केलास?" सुमतीने सकाळी विचारलं.

"करते ना, आई."

"काल पन हेच बोललीस."

"काल पण करणारच होते."

सुमती ब्लाऊज शिवायची. गिऱ्हाइकाला 'करते ना' सांगून ताटकळत ठेवायची कला तिला चांगली माहीत होती, त्यामुळे ती आपल्यावरच उलटलेली तिला अजिबात आवडली नाही.

मनस्वीचा बाप दयाराम त्याहून वरचा. तो जासईच्या कंटेनर यार्डात सुपरवायझर. पाळीभर ट्रकवाल्यांना फोन: कुठं पोचलास, किती वेळ, गेटवर ये. बोलून बोलून कान लाल. पण घरचा एक मेल जायचा म्हटल्यावर हा माणूस भिंतीला पाठ टेकून बसला.

"ते बघून गेले. त्यांनी पसंत केलं. आता निरोप त्यांचा आला पायजे," तो म्हणाला.

"त्यांनीच सांगितलंय, तुमी लिवा म्हनून."

"निघताना बोलायची रीत असते ती. पावना उठला की आपन नाय का बोलत, या कदीतरी जेवायला? म्हनून तो दुसऱ्या दिवशी ताट घेऊन येतो का?"

"अवो, ही काय लग्नाची बोलनी हायत?"

"मुलगी आपली हाय ना? मग आपन मुलीकडचे. मुलीकडच्यांनी मागे लागायचं नसतं." मग आवाज खाली आणून, "मागे तू एकदा फोन केला होतास."

झालं. हे यायचंच होतं. पंधरा वर्षांपूर्वी दयारामच्या बहिणीला, गोदूला, उरणची माणसं बघून गेली. मुलगी पसंत असं तोंडावर सांगितलं, पोहे दोनदा घेतले, आणि मग सहा दिवस गप्प. सातव्या दिवशी सुमतीने न राहवून फोन केला, की तुमचं काय ठरलं? दोन दिवसांत स्थळ मोडलं. मुलीकडच्यांना एवढी घाई कशापायी, काहीतरी खोट असेल, असं तिकडे कोणीतरी बोललं म्हणे. पुढे गोदूला चांगला नवरा मिळाला, दोन मुलं झाली, ती स्वतः हसत म्हणते की वहिनी, वाचवलंस मला. पण घराने निकाल दिला तो दिला. ज्या कामात समोरून उत्तर यायचंय, त्या कामात सुमतीने फोन उचलायचा नाही.

गुरुवारी, नवव्या दिवशी, सुमतीला वाट सुचली. फोन करायचा नाही ना? बरं. मध्यस्थ तर चालतो.

"मध्यस्थाने विचारलं तर काय हरकत नाय," दयारामनेही मान डोलावली. रिवाजात बसतंय म्हटल्यावर त्याचा जीवही भांड्यात पडलेला दिसला. म्हणजे काळजी यालाही होती, पण त्या काळजीला बसायला पाट रीतीचाच हवा होता.

मध्यस्थ म्हणजे रोझीटीचर. मनस्वीच्या शाळेत त्या पीटी शिकवायच्या, पाचवीतल्या मनस्वीच्या हातात पहिला चेंडू त्यांनीच दिला. त्यांची भाची ओर्ली लीगच्या ठाण्याच्या ऑफिसात होती, ट्रायलची बातमी आली ती तिच्याकडूनच. सुमती रिक्षाने जुन्या पनवेलात गेली आणि टीचरांच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं.

टीचरांनी चष्मा काढला. "सुमती, हे काय स्थळ आहे का गं?"

"घरात तसंच धरलंय, टीचर."

"आणि ती घोडी? तिला काय झालं?"

"ती करते ना म्हनते."

टीचरांनी एक उसासा टाकला आणि फोन स्पीकरवर लावला. ओर्ली गडबडीत होती.

"रोझी आंटी, नऊ जणींचे मेल आले. दोघींचे नाहीत, त्यातली एक तुमची मनस्वी. उद्या पाच वाजता मॅडम त्या दोघींच्या नावापुढे 'इच्छुक नाही' लिहिणार आणि राखीव मुली घेणार."

"अगं, तिला यायचंय. तुला माहीत आहे. तू सांग ना मॅडमना."

"सांगून बघितलं. म्हणाल्या, तिला स्वतः सांगू दे. आंटी, पोरगी चार महिने परक्या देशात राहणार. खांदा दुखला, जेवण बाधलं, तर स्वतः तोंड उघडेल का, हेच त्यांना बघायचंय. तिथे मी बोलून काय उपयोग?"

म्हणजे ज्या गोष्टीला घरात अब्रू म्हणत होते, तिला तिकडे नकार म्हणत होते. सुमती चहा न घेताच उठली.

विचुंब्याला पोचली तेव्हा मनस्वी बिल्डिंगखाली पार्किंगच्या भिंतीवर चेंडू मारत होती. भिंतीवर खडूने चौकोन काढलेला आणि चेंडू दर वेळी त्याच्या खालच्या कोपऱ्यात. वॉचमन खुर्ची लांब सरकवून बसला होता.

सुमतीने चेंडू उचलला आणि परत दिला नाही.

"उद्या पाचला तुझं नाव खोडतायत."

मनस्वीचा चेहरा उतरला.

"काय अडतंय तुझं? इंग्रजी येतंय. पासपोर्ट हाय. बापाचं ऐकून बसनारी तू नाय. मग काय?"

मनस्वीने खिशातून फोन काढून आईसमोर धरला. मेल लिहून तयार होता. नमस्कार, आभार, तारखा, पासपोर्ट, सगळं. खाली तारीख ट्रायलच्याच संध्याकाळची.

"मग पाठवलास का नाय?"

"पाठवला की ते परत विचार करतील ना, आई." ती ग्लोव्हची दोरी ओढत म्हणाली. "त्या दिवशी तीन बॉल चांगले पडले म्हणून घेतलं असेल. मेल आला की म्हणतील, ही कोण, नाही नको. नाही पाठवला तोवर मी सिलेक्टेड आहे."

सुमतीला इतका राग आला की तिने आधी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. आठ दिवस ती बापाशी भांडत होती, आणि खरी गाठ इथे बसली होती. आणि ही तीच पोर, जिचा चेंडू किती वेगाने जातो ते मोजायला गोऱ्या बाईने यंत्र आणलं होतं.

"उद्या पाचपर्यंत सिलेक्टेड हायस," ती म्हणाली. "मग नाय. हे तुला चालंल?"

"नाही."

"मंग?"

"तू दाब ना."

"मी नाय दाबनार. मी दाबलं की काय होतं ते तुझ्या बापाला विचार."

मनस्वीला हसू फुटलं. त्या हसण्यातच, आईकडे बघत, तिने अंगठा टेकवला. मेल गेला. मग ती मटकन पायरीवर बसली आणि म्हणाली, आता नाही म्हणाले तर? सुमती शेजारी बसली. तिच्याही मनात तेच होतं, पण दोघींनी एकदम घाबरून चालणार नव्हतं.

उत्तर शुक्रवारी सकाळी आलं. मनस्वीने ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मराठीत वाचून दाखवलं: तुझी वाटच बघत होतो. जागा आहे. सोमवारी अकरा वाजता ठाण्याला ये, करार समजावून सांगू, घरचं एक माणूस आणलंस तरी चालेल.

सुमती मशीनवर होती. बाही जोडायची म्हणून ओठांत चार टाचण्या धरलेल्या. दयाराम रात्रपाळी करून नुकताच आला होता, त्याने बूट काढता काढता सगळं ऐकलं. डोळे पुसल्यासारखं केलं, मग सावकाश बायकोकडे वळला.

"बघ," तो म्हणाला. "आला का नाय निरोप त्यांचा?"

चार टाचण्या तोंडात असताना बाईला काहीही बोलता येत नाही. सुमतीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने हातातला बूट खाली ठेवला.

"सोमवारी मी येऊ का मग?" त्याने शेवटी पोरीला विचारलं.

"आईला नेणार आहे," मनस्वी टाईप करता करता म्हणाली. "तसं त्यांना लिहिलं पण."

सुमतीने टाचण्या एकेक करून काढल्या. सोमवारी दोन ब्लाऊज द्यायचे कबूल केले होते, ते आता रविवारी रात्रीपर्यंत बसून उरकावे लागणार होते, आणि तिला कोणी विचारलंही नव्हतं.

"मला विचारायचंस तरी," ती म्हणाली, आणि बाही पुन्हा सुईखाली सरकवली.