सुई शून्यावर

“अडतीस दोनशे!” सिस्टर जवळजवळ ओरडल्याच. “जिंकलात हो ताई!”

दारात उभ्या असलेल्या ताईच्या धाकट्या भावानं हात जोडले. सोमवारी सकाळी अडतीस किलो भरलं नाही, तर नाकातून नळी घालून अन्न देणार, असं मोठ्या डॉक्टरांनी शुक्रवारीच बजावलं होतं. देवा, लाज राखलीस, असं तो मनात म्हणतोय न म्हणतोय तोच ताई काट्यावरून उतरली, वळली आणि गुडघ्यांवर बसून रिकाम्या काट्याची तबकडी बघू लागली.

वजन करताना तिला तबकडीकडे पाठ करून उभं करत. सगळ्याच रुग्णांना तसं करत. आकडा दिसला की बिथरतात म्हणे.

“सहाशे वजा करा,” ताई म्हणाली. “रिकामा असताना सुई सहाशेवर आहे. मी सदतीस सहाशे.”

मोठे डॉक्टर हसले. तिच्याकडे बघून नाही, भावाकडे बघून. “बघितलंत? हा आजार बोलतोय. वाढलेलं वजन त्यांना सोसत नाही.”

आजार बोलतोय! बावीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करत आलेल्या बाईला हे ऐकावं लागावं! धान्याच्या वखारीपासून सोनाराच्या दुकानापर्यंत कुठलाही काटा अडला की लोक म्हणायचे, त्या काटेवाल्या बाईंना बोलवा. ती यायची, कुणाशी हसायची-बोलायची नाही, सुई शून्यावर आणायची आणि जायची. तिनं हात लावलेल्या काट्यावर पुन्हा कुणी भांडलं नाही.

बरोबर एकच्या ठोक्याला, काट्यांच्या कारखान्यात आपल्या कामाच्या टेबलाशी, भिंतीकडे तोंड करून, ती डबा उघडायची. कुस्करलेला बटाटा, बिनमिठाचा. पाव, बिनकडांचा. एकाला दुसरं लागलेलं चालत नसे. बावीस वर्षं तोच डबा. कुणाचं काही अडलं नव्हतं. मग कारखान्याला नवा मालक आला. त्याला सगळ्यांनी एका टेबलाशी, रेडिओ लावून, हसतखेळत जेवायला हवं होतं. कामाच्या टेबलावर डबा उघडायला बंदी झाली. पहिल्या दिवशी ताईनं डबा घरी परत आणला. दुसऱ्या दिवशीही. पुढे डबा नेणंच सोडलं.

“भूक नाही लागत?” भावानं विचारलं होतं.

“लागत नाही. पोट रिकामं असलं ना बाळ्या, की सगळे आवाज लांबून येतात. बरं वाटतं.”

भाऊ शिंपी. वर्षभरात त्यानं तिच्या कपड्यांच्या शिवणी तीनदा आत घेतल्या. तीनदा माप घेतलं, तीनदा टाचण्या लावल्या, आणि तोंडातून शब्द काढला नाही. चौथ्यांदा आत घ्यायला कापडच उरलं नाही, तेव्हा तो तिला इथं, इस्पितळात घेऊन आला.

इथं काय झालं? तर डॉक्टरांनी विचारलं, “तुम्हाला जाड असल्यासारखं वाटतं का?”

“नाही.”

“आरशात कशा दिसता?”

“उलटी. माझा भांग डावीकडे आहे, तो उजवीकडे दिसतो.”

कागदावर लिहिलं गेलं : रुग्ण सहकार्य करत नाही. आता याहून नेमकं सहकार्य आणखी कसलं असतं, हे त्या लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

आणि जेवायचं कुठं? आठ जणांच्या टेबलाशी. डोक्यावर गुणगुणणारी ट्यूब, स्टीलच्या चमच्यांची खणखण, खुर्च्या ओढल्याचे आवाज, आणि कोपऱ्यात रेडिओ. आजारी माणसाला बरं करायला नेमकं तेच औषध, ज्यानं आजार झाला! सिस्टरांनी एकदा धीर करून विचारलं होतं, “साहेब, यांची स्वमग्नतेसाठी तपासणी करायची का? माझा भाचा तसा आहे. त्याचंही जेवणाचं असंच आहे.”

“एक्केचाळिसाव्या वर्षी? अहो, नोकरी करतात त्या. तो लहान मुलांचा विषय आहे.”

“मग ती मुलं मोठी होऊन कुठं जातात, साहेब?”

साहेबांना घाई होती.

तरी ताई जगली होती, ती भाऊ रोज आणत असलेल्या बटाट्यावर. निदान निम्मा डबा जायचा. शनिवारी आहारतज्ज्ञ बाईंनी भावाला बाजूला घेतलं आणि त्याच्या हातात ताकदीच्या पावडरचा डबा ठेवला. “दोन चमचे कालवा. चव नाही, वास नाही. कळणारसुद्धा नाही त्यांना.”

त्यानं कालवली. मायेपोटीच कालवली. ताईनं पहिला घास घेतला, जिभेवर धरला, आणि चमचा खाली ठेवला.

“काय घातलंस?”

“कुठं काय? काही नाही.”

तिनं डब्याला झाकण लावलं. तेव्हापासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. ताटात खरी म्हणावी अशी तिची एकच वस्तू होती, ती सख्ख्या भावानं खोटी केली होती.

दोन रात्री हे त्यानं मनात दाबून ठेवलं होतं. आत्ता, डॉक्टरांचं हसू बघून, ते बाहेर पडलं.

“साहेब, आधी वाका,” तो म्हणाला. गिऱ्हाइकाशीही कधी वरच्या पट्टीत न बोललेला माणूस, त्याचा आवाज खोलीभर झाला. “वाका आणि सुई बघा.”

डॉक्टर वाकले नाहीत. सिस्टर वाकल्या. नाक तबकडीला लागेल इतक्या वाकल्या, आणि तशाच खाली बसून राहिल्या.

“सहाशेवर आहे,” त्या पुटपुटल्या. “काल फरशी पुसायला हलवला होता. रिकाम्या काट्याकडे कोण बघतं हो?”

“ती बघते!” भाऊ म्हणाला. “रोज सकाळी तुम्ही हिचे खिसे चाचपता. वजन जास्त भरावं म्हणून दगड लपवतात म्हणे, पोटभर पाणी पिऊन येतात म्हणे. गप्प बसली असती तर आज नळी टळली असती तिची! तुमच्या बाईंनी खोटं शिकवलं, मी खोटं बोललो, काटा खोटं बोलला. या अख्ख्या इमारतीत एक माणूस खरं बोलला, स्वतःच्या गळ्याशी येणारं खरं, आणि त्याला तुम्ही आजार म्हणता?”

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “तुमच्या भावना समजतात मला. पण सदतीस सहाशे म्हणजे नळी. नियम आहे.”

“चार वाजता घालायची ना?” सिस्टर उठल्या. “मधे दुपारचं जेवण आहे. मला त्यांना जादा गाद्या ठेवतात त्या खोलीत बसवू द्या. एकट्यांना.”

“एकीला दिलं की उद्या सगळे मागतील.”

“मागू देत साहेब. देऊ.”

डॉक्टर दाराकडे वळले. “आजचा दिवस. जेवल्या तर बघू.”

या सगळ्या गदारोळात ताई जमिनीवरच बसलेली होती, दोन्ही कानांवर हात घेऊन. आवाज थांबल्यावर तिनं हात काढले. “स्क्रू-ड्रायव्हर आहे?” तिनं विचारलं. सिस्टरांनी कपाटातून आणून दिला. तिनं मागचा स्क्रू पाव फेरा फिरवला, थांबली, केसभर आणखी फिरवला. सुई शून्यावर आली. मगच ती उठली.

भाऊ घरी धावला. एकला पाच मिनिटं असताना परतला. गाद्यांच्या खोलीत एक टेबल आणि एक खुर्ची मांडली होती. ट्यूब बंद होती, खिडकीतून येत होता तेवढाच उजेड. त्यानं डबा उघडून पुढं ठेवला. तीन उकडलेले बटाटे. न कुस्करलेले, न सोललेले.

“ताई, शनिवारी मी पावडर घातली होती.”

“माहितीये.”

“आज नाही घातली.”

तिनं एक बटाटा उचलून चहूबाजूंनी फिरवून पाहिला. कुठं चीर नव्हती. “यात घालता येत नाही,” ती म्हणाली.

“म्हणूनच आणले.”

“दार लाव.”

तो बाहेर स्टुलावर बसला. लांबून जेवणाची गाडी खडखडत आली, तसा तो आडवा उभा राहिला. गाडीवाल्यानं आधी डोळे वटारले, मग बंद दाराकडे पाहिलं, आणि दोघांनी मिळून गाडी उचलून पलीकडे नेली.

दीड वाजता दार उघडलं. ताटलीत साली ओळीनं लावून ठेवल्या होत्या, मोठीपासून लहानपर्यंत. डब्यात अर्धा बटाटा उरला होता. सिस्टरांनी तो पाहिला, वहीत काहीतरी लिहिलं आणि घाईघाईनं पदराला डोळे टिपले. चार वाजता नळीचा ट्रे आला, तसाच झाकलेला परत गेला. उद्याचं उद्या.

भाऊ डबा पिशवीत घालत होता. “उद्या पुन्हा कुस्करून आणू का गं? पहिल्यासारखा?”

ताईनं खिडकीबाहेर पाहिलं.

“तीन आण,” ती म्हणाली. “सालीसकट.”