डोळे आधीच मिटलेला माणूस

खुनी कोण हे आधी ठरवावं आणि मग गोष्ट लिहायला बसावं. एवढी साधी अक्कल रहस्याच्या धंद्यात सगळ्यांना असायला हवी, पण नसते. बहुतेकजण आधी मुडदे पाडत सुटतात आणि शेवट जवळ आला की खुनी शोधायला धावाधाव करतात, लग्नाच्या दिवशी नवरा शोधावा तशी. कोडेबुवा त्यांतले नव्हते. ॲनिमे, म्हणजे जपानी धाटणीच्या चित्रमालिका काढणाऱ्या एका स्टुडिओत ते पटकथा लिहायचे. हे नाव तिथल्या चित्रकारांनीच ठेवलेलं, कारण हा माणूस जेवतानाही शेजाऱ्याला कोडं घालायचा.

‘बारा दिवे’ ही त्यांची नवी मालिका. एका बंद पडलेल्या हॉटेलात बारा अनोळखी माणसं जागी होतात. प्रत्येकाच्या गळ्यात एक लहानसा दिवा, कुलूप लावून अडकवलेला. भिंतीतला आवाज रोज एक प्रश्न विचारतो. ज्याचं उत्तर चुकेल त्याचा दिवा विझतो आणि दिवा विझला की माणूस संपला. हा खेळ चालवणारा त्या बाराजणांतच लपलाय, तो ओळखायचा. कोडेबुवांनी पहिली ओळ लिहायच्या आधीच तो पक्का केला होता: सूरवाला. हॉटेलातल्या जुन्या पियानोचे सूर लावायला आलेला, मऊ बोलणारा, सगळ्यांच्या पाठीवरून हात फिरवणारा. गोष्ट अशी रचली होती की शेवट कळल्यावर बघणाऱ्याने स्वतःच्याच कपाळावर हात मारावा आणि म्हणावं, अरेच्चा, हे तर समोरच होतं.

आता ताई. कोडेबुवांची ही मोठी बहीण. उभा जन्म हॉस्पिटलातल्या औषधांच्या खिडकीमागे गेला. नवरा वारल्यावर दोन खोल्यांच्या घरात एकटी राहायची आणि ऐटीत राहायची. पण वर्षभर काहीतरी बिनसलं होतं. साबणाची वडी फ्रिजमध्ये सापडायची. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानातून निघाली ती भलत्याच रस्त्याला लागली, शेवटी पोस्टमनने घरी आणून सोडली. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, ही सुरुवात. ताईची मुलगी, म्हणजे कोडेबुवांची भाची, नोकरी आणि दोन पोरं सांभाळून आधीच मेटाकुटीला आलेली. तिने वृद्धाश्रमात आईसाठी एक खोली बघून ठेवली आणि मामाला मध्यस्थीला बोलावलं.

“माझं डोकं जाग्यावर आहे,” ताई म्हणाली.

“आई, परवा गॅस चालू ठेवून झोपलीस तू.”

“विसरले. विसरणं वेगळं आणि डोकं जाणं वेगळं.” ताईने भावाकडे हनुवटी उडवली. “याची मालिका सुरू होतेय ना? शेवटच्या भागाआधी मी खुनी ओळखला, तर मी माझ्या घरात राहीन आणि हा विषय पुन्हा निघायचा नाही. चुकले, तर मुकाट्याने बॅग भरीन. तुला तोंडातून शब्द काढावा लागणार नाही.”

भाचीने आईकडे पाहिलं. मग म्हणाली, “मामा, तू तिला सांगायचं नाहीस हं.” तिलाही आई जिंकावी असंच वाटत असणार, नाहीतर असल्या पोरखेळाला ती कशाला हो म्हणाली असती?

सांगायचं नाही हे कोडेबुवांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांच्या घरात लहानपणापासून एक रीत होती. वडील कोडं घालायचे. उत्तर एकदाच द्यायचं, मागे घ्यायचं नाही. आणि ज्याला उत्तर माहीत आहे त्याने दगड व्हायचं: हो नाही, नाही नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही, जोवर वडील स्वतः उत्तर फोडत नाहीत. धाकट्या भावाला दगड व्हायला ताईनेच शिकवलं होतं, गुदगुल्या करकरून. पुढे दोघंही त्यात इतके मुरले की आईच्या आजारपणातसुद्धा कुणाला किती माहीत आहे, हे एकमेकांना कळलं नाही.

मालिका दर शनिवारी संध्याकाळी लागायची. कोडेबुवा ताईकडे जायचे, भाची पोरांना नवऱ्याच्या गळ्यात घालून यायची, आणि तिघं चहा घेऊन टीव्हीसमोर बसायचे. तिसऱ्या भागात हॉटेलातले दिवे जातात. गळ्यातल्या दिव्यांच्या मिणमिणत्या उजेडात नुसते चेहरे दिसतात. कुणीतरी किंचाळतं, आणि लख्खकन उजेड येतो. सगळे डोळे चोळतात, कपाळावर हात धरतात. ताई ताठ बसली.

“मागे घे. जरासं. हां, इथे.”

भाचीने मागे घेतलं.

“हा बघ, पियानोवाला. उजेड यायच्या आधीच याने डोळे मिटलेत. बाकी सगळे टकाटका बघतायत आणि हा मिटून बसलाय. उजेड कधी येणार हे याला माहीत होतं. म्हणजे बटण याच्या हातात आहे.” तिने चहाचा घोट घेतला. “माझं उत्तर, सूरवाला. लिहून घ्या हवं तर.”

कोडेबुवांनी हातातला कप खाली ठेवला. ती खूण त्यांनी एका म्हाताऱ्या चित्रकारबाईला शेजारी बसून काढायला लावली होती. बाई करवादली होती, इतक्या बारीक गोष्टीकडे कोण बघतंय म्हणून. बघणारी ही इथे बसली होती, हातात कप धरून, आणि लोक म्हणत होते हिचं डोकं गेलं. त्यांना उठून तिला मिठी मारावीशी वाटली. भाचीने त्यांच्याकडे पाहिलं, ताईनेही पाहिलं. ते दगड झाले.

चुकलं ते इथे. तिथल्या तिथे म्हणाले असते, ताई, अगदी बरोबर, तर खेळ संपला असता आणि ताई आपल्या घरात राहिली असती. पण कोडं घालणाऱ्या माणसाला शेवट फुटायच्या आधी तोंड उघडणं म्हणजे पाप वाटतं. शिवाय त्यांना घाई काय होती? उत्तर ठरलेलं होतं, लिहून झालेलं होतं. ते आता कोण बदलणार?

निर्मात्याने बदललं.

“कोडेबुवा, घोटाळा झालाय,” तो म्हणाला. मोठ्या मेजाभोवती खेळण्यांची कंपनी, वाहिनी आणि गाण्याची कंपनी यांची माणसं बसली होती, सगळ्यांच्या पुढ्यात फोन. “लोकांना खुनी कळला. डोळ्यांची ती भानगड पोरांनी पकडली. जिकडेतिकडे त्याचीच चर्चा.”

“छान झालं की. कळायलाच हवा. म्हणून तर खुणा ठेवल्या.”

“अहो, सगळ्यांना कळलं तर शेवटचा भाग कोण बघेल? धक्का पाहिजे. कुणाच्या स्वप्नातही नसेल असा माणूस पाहिजे.”

“स्वप्नात नाही, म्हणजे गोष्टीतही नाही. त्याला रहस्य म्हणत नाहीत, त्याला थाप म्हणतात.”

खेळण्यांच्या कंपनीचा माणूस म्हणाला की सूरवाल्याच्या बाहुल्या पोरींना आवडतात, तो खुनी नसलेलाच बरा. अर्ध्या तासात ठरलं: पहिल्याच भागात मेलेली डॉक्टरीण. ती मेलीच नव्हती. कुठेही खूण नाही, कुठेही धागा नाही, नुसती उठून उभी राहणार आणि हसणार. आधीचे भाग रंगून तयार होते, त्यांना हात लावता येत नव्हता. शेवटचा तेवढा राहिला होता. माती करायला तो पुरेसा होता.

कोडेबुवा भांडले. राजीनामा देतो म्हणाले. निर्मात्याने शांतपणे सांगितलं की जरूर द्या, मग शेवट दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ. हे ऐकून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आपण बाहेर पडलो तर ताईचा सूरवाला कायमचा गेला, हे त्यांना कळत होतं. म्हणून ते खाली बसले, आणि त्यांनी त्यातल्या त्यात एक वाट काढली. डॉक्टरीण खेळ चालवते, ठीक आहे. पण शेवटी सूरवाला एकच वाक्य बोलतो: “प्रश्न तिचे होते, बटण माझ्या हातात होतं.” एवढ्याने तिसऱ्या भागातले मिटलेले डोळे खरे ठरत होते आणि ताईचं उत्तर उभं राहत होतं. निर्मात्याने वाचलं आणि मान डोलावली. आवाज देणाऱ्या नटाने ते वाक्य सुंदर म्हटलं. कोडेबुवा काचेपलीकडे उभे राहून ऐकत होते, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

ताईला आधी सांगावं की नाही, हे त्यांच्या मनात चारदा आलं. दरवेळी त्यांनी स्वतःला समजावलं की वाक्य आहे, वाक्य सगळं सांभाळून घेईल. आता कशाला तिचा हिरमोड करा?

शेवटचा भाग लागला त्या संध्याकाळी ताईने चांगला पोशाख घातला होता. खोली झाडून घेतली होती, बशीत बिस्किटं मांडली होती. जिंकणाऱ्याचं घर कसं असतं, तसं. “बस,” ती भाचीला म्हणाली, “आज तुला हरलेली बघायचीय मला.” भाचीही हसली. कित्येक महिन्यांत त्या दोघींना एकत्र हसताना कोडेबुवांनी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरीण उठून उभी राहिली. हसली. ताईचा कप हातातच राहिला.

“थांब अजून,” कोडेबुवा म्हणाले. “संपलं नाहीये.”

पडद्यावर हॉटेल कोसळत होतं. सूरवाला जिन्यावर एकटा उभा होता, मागे आग. त्याने मान वळवली, तोंड उघडलं, आणि गाणं सुरू झालं. जिथे वाक्य होतं तिथे गाण्याच्या कंपनीचं नवं गाणं होतं. त्याचे ओठ हलले आणि आवाज आला नाही. मग पुढच्या मालिकेची जाहिरात लागली.

भाचीने टीव्ही बंद केला.

“पहिल्याच भागात मेलेली,” ताई हळू म्हणाली. “तिला मी हिशेबातच धरलं नव्हतं. मेलेल्यांना पण धरायला हवं होतं, नाही का?”

“ताई, तुझं उत्तर बरोबर होतं.” कोडेबुवांनी दगडपणा फेकून दिला. भडाभडा सगळं सांगितलं: निर्माता, बाहुल्या, मिटलेले डोळे, कापलेलं वाक्य. बोलता बोलता त्यांच्याच लक्षात येत होतं की हे कसं ऐकू येतंय. बहीण हरली, आणि लिहिणारा भाऊ म्हणतोय, नाही नाही, खरं उत्तर वेगळंच होतं. एखाद्या रडणाऱ्या पोराला तू पडलाच नाहीस म्हणून सांगावं, तसं.

“मामा, पुरे,” भाची म्हणाली. तिचा आवाज रागावलेला नव्हता, थकलेला होता. “मलाही वाटत होतं ती जिंकावी. पण असं नको करू. तिला आणखी गोंधळात टाकू नको.”

“माझ्याकडे जुना मसुदा आहे. आणून दाखवतो.”

“तूच लिहितोस ना रे मामा. हवा तसा लिहिशील.”

कोडेबुवांनी रिमोट उचलला. त्यांनी तिसरा भाग लावला, ती जागा शोधली, चित्र थांबवलं. “ये, बघ. तूच पकडलंस हे. बघ, डोळे मिटलेत की नाही?”

ताई चष्मा लावून टीव्हीपाशी गेली. अगदी जवळ, नाक काचेला टेकेल इतकी. सूरवाल्याच्या चेहऱ्यावर तिने बोट ठेवलं. कोडेबुवा तिच्या मागे उभे होते. एकदा म्हण, त्यांच्या मनात चाललं होतं, एकदा म्हण की दिसतंय.

“पापणी लवतेय रे त्याची,” ती म्हणाली. “माणसाची पापणी लवणारच. मी उगाच त्याला चिकटले.” मग वळून तिने त्यांच्या गालावर हात ठेवला. लहानपणी ते रडायचे तेव्हा ठेवायची तसा. “तू चांगला आहेस. माझ्यासाठी एवढं रचलंस. पण खोटं बोलणं तुला कधी जमलंच नाही.”

“मी खोटं नाही बोलत, ताई.”

“बरं. नाही बोलत.”

ज्या समजुतीच्या सुरात लोक वर्षभर तिच्याशी बोलत होते, त्या सुरात ती आता त्यांच्याशी बोलत होती. ती आत गेली आणि कपाटावरची बॅग काढायला लागली. भाची रडत तिच्या मागे गेली, म्हणाली, आजच नको गं आई, घाई नाहीये. ताई म्हणाली की शब्द म्हणजे शब्द. नंतर कपाटापुढे उभं राहून ती एकेक कपडा हातात घेऊन विचारू लागली, हा माझाच ना? हाही? एरवी हे विचारायची हिंमत कुणी केली असती तर तिने डोळे वटारले असते. भाची प्रत्येक वेळी हो म्हणत होती.

कोडेबुवा बॅग घेऊन खाली आले, गाडीत ठेवली, तिच्यासाठी दार उघडून धरलं. ताईने बसताना त्यांच्या हाताचा आधार घेतला आणि त्यांचा चेहरा बघून तिला त्यांचीच कीव आली.

“मालिका चांगली होती हं,” ती म्हणाली. “फक्त पुढच्या वेळी जरा सोपं लिही. माझ्यासारख्यांना झेपेल असं.”

कोडेबुवा हो म्हणाले, आणि दार लावलं.