लाल दिव्यावरची टिकली

मी एक जुनी मो...

थांबा. पुन्हा.

मी एक जुनी मोटा...

चावी फिरवली की माझं असंच होतं, मित्रांनो. अजून एकदा.

मी एक जुनी मोटार आहे.

हुश्श.

माझे पहिले मालक शहरातल्या गुलमंडीजवळचे वकील केशवराव. ते मला दर रविवारी पुसायचे. रेडिएटरमध्ये इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट भरायचे. पाहुण्यांना म्हणायचे, "आवाज येतोय का? नाही ना? सुरूच आहे ती!"

मग त्यांनी नवी गाडी घेतली आणि मी गंगापूरला बिभीषणकडे आले.

बिभीषण मेंढपाळाच्या घरातला. कळपातलं एखादं मेंढरू नुसतं मान खाली घालून उभं राहिलं, तरी त्याला लांबून कळतं. माझं मात्र काहीच कळत नाही! माझा रबरी पाइप चिरला. पाणी ठिबकू लागलं. ठिबकलं की तो बोरचं खारं पाणी ओतायचा. खारानं आतल्या नळ्या बुजल्या. मी तापू लागले.

मला तोंड नाही. स्टिअरिंगसमोर एक लाल दिवा आहे. तो मी लावला.

"सेन्सर खराब झाला असंल," बिभीषण म्हणाला.

मी पुन्हा लावला. रोज लावला.

"डोळ्यात लई खुपतंय गं हे," तो बायकोला म्हणाला. "सत्यभामा, तुझी टिकली दे."

सत्यभामानं हसत कपाळावरची मोठी टिकली काढली आणि दिव्यावर चिकटवली. "घ्या. आता सवाशीण झाली तुमची गाडी!"

दोघं हसले. मी आत जळत होते.

मग ती सकाळ आली. त्यांच्या ज्ञानेश्वरीची परिचारिका भरतीची परीक्षा होती, शहरात क्रांती चौकाजवळ. तिच्या वयात बसणारी ही शेवटची भरती.

"बापू, जीपनं जाऊ का?"

"घरची गाडी असताना? बस गुमान."

मी दिवा लावला. टिकलीखाली. आवाज केला, त्यानं गाणी मोठी केली. जोर सोडला, त्यानं पाय आणखी दाबला. अरे, थांब! पाच मिनिटं थां...

वाळूजच्या अलीकडे मी वाफ सोडली आणि उभी राहिले. ज्ञानेश्वरी पळत जाऊन एका भरलेल्या जीपला लटकली. मला ट्रॅक्टरला बांधून रस्त्यालगतच्या गॅरेजात नेलं.

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. "हेडगास्केट गया, मामू, इंजिनच बैठ गया. इंजिनमें पानीच नहीं! बत्ती नहीं लगी क्या?"

"नाय लागली," बिभीषण म्हणाला. "या डबड्यानं घात केला माझ्या पोरीचा."

मी? मी केला?

त्याचं हे बोलणं ऐकतच ज्ञानेश्वरी परत आली. ती पोहोचली तेव्हा परीक्षेचं गेट बंद झालं होतं. ती येऊन माझ्यात बसली. तिनं चावी फिरवली. मी सुरू झाले नाही. पण टिकलीच्या कडेनं बारीक लाल रेघ उमटली.

तिनं नखानं टिकली उचकटली.

"बापू, दिवा लागला नाय म्हणता?"

बिभीषणनं वाकून पाहिलं.

"लागला व्हता," तो हळूच म्हणाला. "मीच झाकला."

मित्रांनो, तुमच्या दारातली गाडी असो, गोठ्यातलं जनावर असो की घरातलं माणूस, जो तो आपापल्या परीनं दिवा लावतो. तो डोळ्यात खुपला, तर आधी विचारा, का गं लावलास? मी किती वेळा सांगितलं! मी एक जुनी मो...

मी एक जु...