टेक एक

दुपारपर्यंत मामाचा आवाज बसला, पण ताठा काही उतरला नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते अशांनाच बघून म्हणत असावेत.

काचेपलीकडच्या खोलीत तो माइकसमोर उभा होता, मानेवर ओला रुमाल टाकून. अलीकडे, बटणांच्या टेबलापाशी, त्याची भाची बसली होती. खोली तिची, यंत्रं तिची, पण मामा तिथे असा वावरायचा, जणू ती अजून फ्रॉकात आहे आणि तो तिला खांद्यावर घेऊन फिरवतो आहे.

मामा म्हणजे 'तोफ'. रॅप करणाऱ्यांतला जुना जाणता. एके काळी तोफ स्टेजवर आली की समोरच्याची बोबडी वळायची. मग नवी पोरं आली, तोफेला कोणी विचारेना, आणि बरीच वर्षं आतल्या आत धुमसून तिने आता एक अल्बम काढायला घेतला होता. सगळ्या गाण्यांचं तेच रडगाणं. रॅपचं वाटोळं झालं, कोणाला लिहिता येत नाही, कोणाला दम धरता येत नाही, नुसते चष्मे लावून उभे राहतात. भाचीला यातलं निम्मं पटायचं. उरलेलं निम्मं तिच्याच पोटावर पाय देणारं होतं, कारण तीच पोरं तिच्याकडे रेकॉर्डिंगला यायची. एक ओळ म्हणायची, थांबायचं, पाणी प्यायचं, मग पुढची ओळ. नंतर ती सगळे तुकडे असे जोडायची की सांधा सापडू नये. मामा याला शिवणकाम म्हणायचा आणि तिला शिंपीण.

आज शेवटचं गाणं होतं, 'एका दमात'. अल्बमचं नावही तेच. लांबलचक कडवं, मध्ये कुठे थांबायचं नाही, आणि त्यात नव्या पोरांची बिनपाण्याने हजामत:

*ओळ उसनी, ताल उसना, बोलणं सगळं जोडलंस,*
*तोंड तरी तुझंच ना रे, का तेही भाड्यानं आणलंस?*

गाण्याच्या आधी भाचीचा आवाज यायचा होता. या धंद्यात प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला बटणावरचा माणूस टेकचा आकडा, म्हणजे हा कितवा प्रयत्न ते, म्हणतो, म्हणजे नंतर शोधायला सोपं जातं. गाणं बाहेर पडताना तो आकडा कापून टाकतात. मामाला मात्र तो ठेवायचा होता. "तुझ्या आवाजात 'टेक एक' ऐकू आलं पाहिजे," तो म्हणाला होता. "कळू दे कार्ट्यांना, तोफ पहिल्याच बाराला उडते." भाचीने सकाळीच आईला फोन करून सांगितलं होतं की मामाच्या अल्बमवर माझा आवाज आहे. मग ती 'टेक एक' म्हणाली होती, अगदी जीव ओतून.

पण बार फुसका निघाला. तोही, नंतरचेही. दर वेळी त्याच जागी, 'भाड्यानं'च्या आधी, मामाचा दम संपायचा. तिथे आलं की तिचा हात आपोआप थांबवायच्या बटणाकडे जायचा.

"टेक एकतीस," ती म्हणाली. तो पुन्हा तिथेच अडकला आणि खोकत बाहेर आला. थोड्याच वेळात अल्बम काढणाऱ्या कंपनीच्या बाई गाणं ऐकायला यायच्या होत्या. मामा सोफ्यावर बसला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "शिव."

"काय?"

"ऐकलंस तू. वरचं सकाळचं घे, खालचं आत्ताचं. सांधा दिसता कामा नये."

"पोरांनी केलं की शिवणकाम, आणि तू केलंस की? आपला तो बाब्या, होय ना मामा?"

"माझा दम पोरांसारखा मुळातच नव्हता असं आहे का? होता. आता नाही. एवढाच फरक."

त्याचा आवाज चिरकला आणि तिला वाईट वाटलं. "बरं, जोडते," ती म्हणाली. "मला जोडायची लाज नाही. पण 'टेक एक' काढून टाकते."

"ते राहणार. त्याशिवाय कोण विश्वास ठेवेल?"

"म्हणूनच काढते."

"माइक पहिल्यांदा तुझ्या हातात कोणी दिला?"

"तूच."

"मग माझ्यासाठी दोन शब्द जड झाले तुला?"

ती टेबलाकडे वळली. जोडायला लागली. त्या पोरांना तिचा आवाज पाठ होता. हेडफोनमध्ये ती जो आकडा म्हणेल तो खरा, यावर कधी कोणी वाद घातला नव्हता. उद्या तिने 'टेक एक' म्हटलं की पोरं मान खाली घालतील आणि मामाला मानतील, तिच्या भरवशावर. या भरवशाशिवाय तिच्याजवळ दुसरं होतं काय? आणि नाही म्हटलं, तर हा माणूस संपला. कंपनी त्याला दुसऱ्यांदा दारात उभं करणार नव्हती. हात मात्र चालत होते.

बाई आल्या, खुर्ची ओढून बसल्या. मामाने केस सारखे केले. भाचीने गाणं लावलं.

"टेक एकतीस," स्पीकरमधून तिचाच थकलेला आवाज आला, आणि पाठोपाठ तोफ धडाडली, सलग, कुठेही न अडखळता.

मामाचे कान लाल झाले. गाणं संपेपर्यंत त्याने तिच्यावरची नजर हलवली नाही.

"एकतीस?" बाईंनी विचारलं. "पोस्टरवर तर 'पहिलाच टेक' छापलंय, सर."

"आकडा ती म्हणते," मामा दात आवळून म्हणाला. "तिलाच विचारा."

"एकतीस वेळा झालं," भाची म्हणाली. "आणि हाही सलग नाही. तुकडे आहेत, मी जोडलेत."

आता आकाश कोसळणार म्हणून तिने अंग चोरलं. बाई मात्र हसल्या.

"जोड छान बसलाय. मला तर कळलाही नाही. तो आकडा तेवढा काढून टाका. एवढं काय मनावर घेता, सर, सगळे तेच करतात."

मामा बाईंकडे बघत राहिला. थोबाडीत बसली असती तरी त्याला इतकं लागलं नसतं. अख्खा अल्बम त्याने 'सगळ्यां'ना शिव्या घालण्यात घालवला होता, आणि ही बाई त्याला प्रेमाने त्यांच्या पंगतीत बसवत होती.

तो उठला, काचेपलीकडे गेला आणि हेडफोन चढवला.

"म्हण," तो म्हणाला.

"टेक बत्तीस," भाची म्हणाली.

तो सुटला. आवाज फाटका होता. 'भाड्यानं'च्या आधी दम संपला, तिचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच थबकला. बीट एकटाच पुढे वाजत होता. मामा माइकला धरून धापा टाकत होता, आणि ती धाप मोठ्याने ऐकू येत होती. मग त्याने ती ओळ पुन्हा पहिल्यापासून उचलली, 'तोंड तरी तुझंच ना रे', आणि या खेपेला तो ती पोरांना म्हणत नव्हता. रखडत, थांबत, पण शेवटापर्यंत गेला.

"हे मधलं कापाल ना?" बाईंनी विचारलं.

"नाही," भाची म्हणाली.

"मग हे गाणं अल्बमवर जाणार नाही."

तिने बटण दाबून ते आत सांगितलं. मामाने रुमालाने तोंड पुसलं.

"मग अल्बमही नाही, म्हणावं," तो म्हणाला.

बाई पर्स उचलून निघाल्या. भाचीला मामाची भीती वाटत होती, त्याच्या उद्याचीही वाटत होती, आणि लहानपणानंतर पहिल्यांदाच त्याचा अभिमान वाटत होता.