टोकाकडून खांद्याकडे

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पट्टी आहे. लांबी वीतभर, एका बाजूला रुंद डोकं आणि त्यात भोक, दुसरं टोक निमुळतं. ‘ही तर अर्धवट राहिलेली किल्ली!’ असं तुम्ही म्हणाल. म्हणा खुशाल. माझा जन्मच किल्ल्यांच्या दुकानात झाला.

दुकान कसलं, जिन्याखालची खोली! दोन माणसं आत उभी असली की तिसऱ्याने शिंकायलाही बाहेर जावं. तिथे आमचे किल्लीवाले मास्तर बसत. हातात कानस, ओठांत नाम. कानशीचा ताल चुकला की नामही थांबायचं आणि नाम थांबलं की कानस. किती गोड दिवस होते ते! पितळेचा भुसा उन्हात उडायचा आणि मास्तरांच्या भुवया सोनेरी व्हायच्या.

एखादं गिऱ्हाईक चेष्टेने म्हणायचं, “मास्तर, तुम्हाला तर सगळ्यांची घरं उघडता येत असतील!”

“येतात की. तरी तुम्हाला शांत झोप लागते ना? तीच माझी कमाई.”

त्यांची लेक तेव्हा लहान होती. स्टुलावर बसून ती किल्लीच्या खाचा मोठ्याने वाचायची, पण डोक्याखालच्या रुंद भागापासून, म्हणजे खांद्यापासून. मास्तर तिच्या बोटावर टिचकी मारत. “अगं, टोकाकडून खांद्याकडे! किल्ली कुलपात टोकानेच शिरते ना? मग वाचायचीही टोकाकडूनच.”

पुढे एका संगणकवाल्याची अडलेली तिजोरी मास्तरांनी उघडून दिली. त्याने मजुरी म्हणून त्यांच्या फोनमध्ये थोडं डिजिटल चलन टाकलं आणि बारा साधे शब्द लिहून दिले. “मास्तर, फोन गेला तरी चालेल, पण हे शब्द, याच क्रमाने, जपा. शब्द हरवले तर पैसा गेला. आणि दुसऱ्याला कळले तर पैसा त्याचा झाला.”

“म्हणजे किल्लीच की!” मास्तर हसले.

कागद भिजतो, कागद जळतो. म्हणून त्यांनी पितळेचा तुकडा घेतला, अक्षरांचे ठसे काढले आणि हातोडीने एकेक अक्षर ठोकत माझ्या अंगावर एकाखाली एक बारा शब्द उमटवले. दुखलं खूप, पण घावाशिवाय अंगावर अक्षर उमटत नाही. मग त्यांनी मला हजार गंजक्या किल्ल्यांच्या खणात टाकलं आणि लेकीला फक्त जागा सांगितली. ते शब्द कोणते, हे मात्र मी तुम्हालाही सांगणार नाही, मित्रांनो.

वर्षं सरली. त्या चलनाचं मोल बरंच वाढलं, माझी चमक मात्र गेली. आणि एका सकाळी कानस हातातून गळाली. मास्तरांची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. त्याच गडबडीत त्यांचा फोन पाण्याच्या बादलीत पडला. वाचा-उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, “वर्षभर रोज सराव झाला तर बोलतील.” चष्म्याच्या काचा घासणाऱ्या लेकीच्या पगारात महिनाभराचाही सराव बसेना.

तिने मला खणातून शोधून काढलं. भोकाकडून वाचत बारा शब्द आपल्या फोनमध्ये भरले. फोन म्हणाला, शब्द चुकीचे. पुन्हा भरले, पुन्हा तेच! रडवेली होऊन तिने इंटरनेटवर मदत मागितली, आणि बघता बघता एका गोडबोल्याचा फोन आला.

“ताई, अजिबात घाबरू नका. त्या शब्दांचा फक्त एक फोटो पाठवा. पाच मिनिटांत उघडून देतो.”

“खरंच? देव पावला हो, दादा!”

तिने मला मास्तरांच्या खाटेवर ठेवलं आणि फोन वर धरला. मी पितळ, मला ओरडता येईना. मास्तरांनाही येईना. पण त्यांचा डावा हात सरपटत आला आणि माझ्यावर पालथा पडला.

“बाबा, हात काढा ना! फोटो काढतेय.”

हात हलेना. तिने उचलायला पाहिलं, तर मूठ वळली. पलीकडून आवाज आला, “ताई, लवकर करा.” मास्तरांनी डोळे मोठे केले, मूठ उघडली आणि एकच बोट माझ्या निमुळत्या टोकावर ठेवलं. मग ते सावकाश वर सरकवलं. भोकापर्यंत. पुन्हा टोक. पुन्हा भोक.

लेकीची नजर त्या बोटामागे फिरली. मग तिच्या ओठांतून लहानपणचे शब्द निघाले, “टोकाकडून... खांद्याकडे!” तिने गोडबोल्याचा फोन बंद केला. शब्द उलट्या क्रमाने भरले आणि कुलूप उघडलं.

जी गोष्ट मास्तरांना उघड होती, तीच सांगायची राहिली होती. म्हणून मित्रांनो, गुप्त शब्द परक्याला दाखवू नका, त्यांचा फोटो काढू नका. पण आपल्या एका विश्वासाच्या माणसाला ते कसे वाचायचे एवढं मात्र सांगून ठेवा.

मी पुन्हा खणात आले, फक्त तो खण आता मास्तरांच्या खाटेजवळ आहे. आता बाई रोज चित्रं घेऊन घरी येतात. मास्तर अडखळत “पा...णी” म्हणतात, “दि...वा” म्हणतात. परवा एका चित्रापाशी मात्र त्यांनी ओठ घट्ट मिटले. बाईंनी पुन्हा विचारलं, गोंजारून विचारलं. मास्तर नुसते मान हलवत राहिले, डोळ्यांत मिश्कील हसू.

“हा शब्द यांना जड जातोय वाटतं,” बाई म्हणाल्या.

लेकीने चित्र पाहिलं आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “जड नाही हो, बाई. तेवढा सोडून पुढचा घ्या.”

खणातल्या अंधारात माझ्या अंगावरचा एक शब्द सुखाने शहारला. कोणता, ते विचारू नका.