वाकडी शिवण

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे, पायाने चालणारी. माझ्या काळ्या अंगावरची सोनेरी नक्षी पुसट झाली आहे आणि पायडल चालताना कुरकुरते. वय झाले की कुरकुर आलीच. पण आज मी माझे रडगाणे गाणार नाही. एका दुपारी एका घराचा घास माझ्या सुईखाली अडकला होता, ती गोष्ट सांगणार आहे.

कारखान्यात माझे सुटे भाग जुळले आणि मी काही दिवस दुकानाच्या काचेआड ऐटीत उभी राहिले. तिथून एका मुलीने मला पहिल्या पगारात घरी आणले. लग्न झाल्यावर मीही तिच्याबरोबर सासरी आले. दिवसा ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची आणि संध्याकाळी माझ्यापाशी बसायची. तिची शिवण म्हणजे आखलेली रेघ! शेजारणी म्हणायच्या, "हिच्या बोटांना डोळे आहेत." कौतुक करत नसत त्या फक्त तिच्या सासूबाई. झगा कितीही सुरेख झाला तरी त्या म्हणायच्या, "गुंडी जरा खाली आहे." नाव ठेवायला जागा नसली तर त्या जागा करून घ्यायच्या. सासूबाईंचा मुलगा लवकर गेला आणि घरात या दोघीच उरल्या. तुझे माझे जमेना आणि तुझ्यावाचून करमेना, अशी त्यांची गत होती.

कारखान्यात कापडाचे जड गठ्ठे उचलून उचलून माझ्या मालकिणीचा उजवा खांदा धरला. तिला स्वतःची वेणी घालता येईना. डॉक्टरांनी बजावले, "आता विश्रांती घेतली नाही, तर हा हात कायमचा जाईल." काम करता येत नाही तोवर कामगार मदत कार्यालयातून दर आठवड्याला मदत मिळू लागली. त्यावर दोघींचे घर चालायचे. अट एकच होती. त्या काळात तिने शिवणाला हात लावायचा नाही, अगदी घरीसुद्धा. लावलेला आढळला, की मदत बंद.

तिने माझ्यावर चादर घातली, तेव्हा तिचे डोळे भरले होते. मलाही फार वाईट वाटले. माझ्यावर धूळ बसली. तेलाचा थेंब मिळेना.

पुढे एक नवलच घडू लागले. मालकीण खांद्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात गेली, की सासूबाई दाराबाहेर डोकावायच्या आणि हळूच माझी चादर काढायच्या. त्यांनी जन्मात कधी शिवले नव्हते. पहिलाच पाय उलटा पडायचा, चाक मागे फिरायचे आणि दोरा तुटायचा. "मेली, मुद्दाम करते!" म्हणून मलाच बोल लावायच्या. दुहेरी कापडाचे काहीतरी लांबट शिवायच्या आणि सून यायच्या आत धान्याच्या डब्यात लपवायच्या.

एका दुपारी दार वाजले. कापड माझ्या सुईखालीच राहिले. दारात मदत कार्यालयाचा तपासनीस उभा होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याला अनेकांनी फसवले होते. कंबर गेली म्हणून मदत घेणारा एक गवंडी त्याला नुकताच छपरावर चढलेला सापडला होता. दुधाने तोंड पोळल्यामुळे तो आता ताकही फुंकून पीत होता.

"आजी, तुमच्या सूनबाई अजून शिवतात का?"

सासूबाई घाबरल्या. त्यांना वाटले, हा कारखान्याचा माणूस आहे आणि सून निकामी झाली म्हणून तिचे नाव नोकरीतून काढायला आला आहे. "शिवतात का म्हणजे? अहो, झोपेतसुद्धा शिवेल ती! हे बघा, ताजं काम. तिच्यासारखा हात अख्ख्या गल्लीत नाही!"

मित्रांनो, इतक्या वर्षांत सासूबाईंनी सुनेचे केलेले हे पहिले कौतुक, आणि तेही नेमके नको त्या माणसासमोर! मला तोंड असते तर मी ओरडलेच असते. तपासनीसाने पेन काढले.

तेवढ्यात मालकीण आली. डाव्या हाताने तिने उजवे कोपर सावरून धरले होते.

"ताई, हे काम तुमचंच ना?"

"नाही साहेब. खांदा धरल्यापासून मी मशीनला शिवलेलीसुद्धा नाही."

"आजी म्हणतात, तुम्हीच केलंत. कोणीतरी एक खोटं बोलतंय. मला मदत थांबवावी लागेल."

सासूबाईंच्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. हा कारखान्याचा माणूस नव्हेच!

"मदत थांबली तर मला कामावर जावं लागेल, साहेब. मग हा हात गेलाच समजा."

"मग बसा. दोन टाके घालून दाखवा. जमत नसेल तर दिसेलच."

ती बसली. माझे चाक उजव्या बाजूला आहे आणि सुरुवातीला ते हाताने फिरवावे लागते. तिने चाकावर तळवा ठेवला. कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले. चाक फिरले तर ती धडधाकट ठरणार, नाही फिरले तर ढोंगी. इकडे आड, तिकडे विहीर! आणि तिचा हट्ट मला ठाऊक होता. दात आवळून तिने जोर लावला, तसे चाक हलू लागले. मला वाटले, याच क्षणी गंजून घट्ट व्हावे.

"ऊठ तिथून!" सासूबाई कडाडल्या. "साहेब, खोटं मी बोलले. शिवते ती मी."

"तुम्ही?"

"पटत नाही ना? बघाच मग."

त्या बसल्या. पाय उलटा पडला, दोरा तुटला. सुईच्या भोकात दोरा ओवायला त्यांना कितीतरी वेळ लागला. तपासनीस थांबला. शेवटी मी चालू लागले, आणि शिवण चरायला सुटलेल्या शेळीसारखी डावीकडे भटकत गेली. त्याने नवी शिवण जुनीशेजारी धरली. दोन्ही अगदी सारख्याच भटकल्या होत्या.

"पण हे आहे तरी काय?"

सासूबाईंनी जमिनीकडे पाहिले. "झोळी. तिच्या हाताला. दवाखान्यातली तिच्या मानेला काचते. मग ती कण्हते आणि मला झोप लागत नाही."

तपासनीसाने लिहिलेले खोडले. "मदत चालू राहील, ताई. आणि आजी, यापुढे कौतुक जरा जपून करा."

तो गेल्यावर मालकिणीने झोळी गळ्यात घातली. डोळे पुसत ती म्हणाली, "आई, पट्टा वाकडा आहे."

"माहितीये. उगीच नावं ठेवू नकोस."

दोघी इतक्या हसल्या, की त्यात रडणेही मिसळले.

संध्याकाळी सुनेने जागा दाखवली आणि सासूबाईंनी माझ्यात तेल सोडले. मित्रांनो, मी कुरकुरते तेव्हा मला ढोंगी कोणी म्हणत नाही. मुकाट्याने तेल घालतात आणि थोडी उसंत देतात. राबणाऱ्या माणसाच्या खांद्यालाही तेवढेच द्या, एवढेच माझे मागणे आहे. मालकिणीचा हात बरा होईपर्यंत मी आनंदाने वाट पाहीन. फक्त सासूबाईंना कोणीतरी सांगा, पाय सुलटा टाका म्हणावे!